डोक्यात आहे, कागदावर येत नाही

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही आजऱ्याला गेलो होतो. तालुक्यातील एका वाडीवरचा मुलगा तेथे भेटायला आला. घरी घनसाळ भाताची शेती. तो शहरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने हिरण्यकेशी नदीतील माशांवर प्रकल्प घेतला होता आणि त्या प्रकल्पाचे बाहेरचे मार्गदर्शक म्हणून आमचे नाव होते. अहवाल देण्याची मुदत संपून महिना झाला होता. त्याने पुढे केलेल्या वहीत जेमतेम अकरा ओळी होत्या, त्यातल्या चार खोडलेल्या.

आम्ही त्या वहीवर शेरा लिहिला : 'कष्ट घेतलेले दिसत नाहीत.'

त्याच संध्याकाळी शिबिरातील मंडळींबरोबर रामतीर्थावर जाणे झाले. हा मुलगा सोबत होता. पाण्याच्या कडेला बसून तो तासभर बोलत राहिला. कोणता मासा दगडाखाली राहतो, कोणता पहिल्या पावसात वर चढतो, पूर ओसरल्यावर डबक्यात काय उरते. याच नदीच्या उगमापाशी, आंबोलीत, २०२० साली 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही माशाची नवी जात नोंदली गेली. तिच्याबद्दल त्याने आम्हालाच दोन प्रश्न विचारले, आणि त्यांतल्या एकाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मग हे सारे वहीत का नाही, असे विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला, "सर, डोक्यात सगळं असतंय. पण वही उघडली की कुठनं सुरू करायचं तेच कळंना. एक वाक्य लिहितोय तोवर पुढचं पळून जातंय."

घरच्यांनी पुढे त्याला कोल्हापूरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. लहानपणापासूनचा इतिहास विचारून आणि तपासण्या करून त्यांनी निदान केले : अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एडीएचडी. आमचा शेरा चुकला होता. तो का चुकला, हे शोधताना या विकाराचा इतिहास वाचनात आला. गेल्या सव्वादोनशे वर्षांत जाणत्या वैद्यांनीही हीच चूक वेगवेगळ्या रूपांत केली होती, असे त्यात दिसले. शिक्षकांना हा इतिहास उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तो येथे मांडत आहोत.

सर्वांनी लिहिलेच पाहिजे, हे कधीपासून?

आधी आपल्याकडच्या शाळेकडे पाहू. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवले जाई, पण शिक्षणाचा मोठा भाग मौखिक होता. पाढे, पावकी, निमकी सगळी मुले एका सुरात म्हणत. हाताने सुबक आणि भरभर लिहिणे ही एक वेगळी विद्या होती आणि ती कारकुनाला लागे. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला, यावरूनही तिचा वेगळा मान कळतो. ज्याला ती साधत नसे त्याला शेती, व्यापार, कारागिरी, शिपाईगिरी असे दुसरे मार्ग मोकळे होते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते, ज्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. त्यानंतर हळूहळू असे ठरून गेले की, माणसाला काय येते हे त्याने ठरावीक वेळात कागदावर काय लिहिले यावरून मोजायचे. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. हा निर्णय थोरच होता. ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती त्या घरांतील मुले त्यामुळे वर्गात आली.

सर्व मुले वर्गात आली म्हणजे सर्व प्रकारचे मेंदू वर्गात आले. एका जागी बसून, एकाच गोष्टीकडे बराच वेळ लक्ष देऊन लिहिणे ज्यांना जमत नाही, अशी मुले पूर्वीही असणारच. पण आता ती नजरेत भरू लागली. युरोपातही असेच घडले. इंग्लंडमध्ये शाळेची हजेरी १८८० मध्ये सक्तीची झाली आणि त्यानंतर बावीस वर्षांनी तेथील एका बालरोगतज्ज्ञाने या मुलांवर गाजलेली व्याख्याने दिली. त्यांच्याकडे आपण येऊच. त्याआधीच्या एका वैद्यापासून सुरुवात करू.

स्वभाव, नीती की इजा?

अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्ये मानसिक विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात अवधान आणि त्याचे बिघाड यांवर एक प्रकरण आहे. काही माणसांचे लक्ष कोणत्याही एका गोष्टीवर टिकत नाही, ही अवस्था जन्मजात असू शकते आणि अशा मुलाला शिक्षण घेणे कठीण जाते, असे त्याने नोंदवले. त्याचे निरीक्षण आजही अचूक वाटते. मात्र त्याने आणखी एक वाक्य जोडले : सुदैवाने हा त्रास वयाबरोबर कमी होतो. या वाक्याने पुढे फार नुकसान केले.

१८४० च्या दशकात फ्रांकफुर्टच्या हाइनरिश हॉफमान या डॉक्टरने आपल्या लहान मुलासाठी चित्रांचे पुस्तक केले. त्यातील चुळबुळ्या फिलिप जेवणाच्या टेबलावर स्थिर बसत नाही आणि शेवटी टेबलक्लॉथसकट सगळे जेवण खाली ओढतो. डॉक्टरनेच लिहिलेली असूनही ती गोष्ट आजाराची नाही, खोडकर मुलाला धडा देणारी आहे. त्या काळी समाजाचे मतही तेच होते.

मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. हेच ते बालरोगतज्ज्ञ. त्यांनी वर्णन केलेली मुले बुद्धीने कमी नव्हती. तरीही ती स्वतःला आवरू शकत नव्हती, शिक्षेचा परिणाम टिकत नव्हता, लक्ष लागत नव्हते. हा दोष पालकांच्या संगोपनाचा नसून त्यामागे शारीरिक कारण असावे, असे स्टिल यांनी म्हटले. ही पुढची पायरी होती. पण त्यांनी नाव दिले ते 'नैतिक नियंत्रणातील दोष' असे. मूल वैद्याकडे पोचले, तरी नीतीचा ठपका त्याच्यावर राहिलाच.

यानंतर १९१७ ते साधारण १९२७ या काळात युरोप-अमेरिकेत मेंदूच्या दाहाची एक विचित्र साथ पसरली. तिच्यातून वाचलेली अनेक मुले पूर्वी शांत होती, ती आता अस्वस्थ आणि उतावळी झाली. त्यावरून डॉक्टरांनी तर्क केला : मेंदूला इजा झाली की मूल असे वागते. पुढे हा तर्क उलटा फिरवला गेला. मूल असे वागते, म्हणजे त्याच्या मेंदूला इजा झालेली असणार! इजा दिसत नसेल तर ती 'किंचित' असणार! 'मेंदूची किंचित इजा' हे निदान अनेक वर्षे वापरात राहिले. १९६० च्या दशकात 'इजा' हा शब्द वगळून 'किंचित बिघाड' असा बदल झाला. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे उदाहरण तर्कशास्त्राच्या तासाला जरूर घ्यावे. पाऊस पडला की अंगण ओले होते, म्हणून अंगण ओले दिसले की पाऊसच पडला असे ठरत नाही.

डोकेदुखीच्या गोळीचा धडा

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वर्तनसमस्या असलेल्या मुलांसाठी एक रुग्णालय होते. तेथे चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मेंदूची क्ष-किरण तपासणी करीत. त्यासाठी पाठीच्या कण्यातील द्रव काढावा लागे आणि मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीला फारसा फरक पडला नाही, पण शिक्षक सांगू लागले की मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. मुलांनी स्वतःच त्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले. १९३७ मध्ये ब्रॅडलींनी ३० मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतील १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली होती.

उत्तेजकाने चंचल मूल शांत कसे होते, हे कोडे होते. आज त्याचा उलगडा बराच झाला आहे. डोपामाइन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायने चेतापेशींमध्ये निरोप पोचवतात, आणि ही औषधे त्यांचे प्रमाण वाढवतात. मेंदूचा पुढचा भाग 'थांब, आधी हे पुरे कर' असे सांगणारा आहे. या औषधांमुळे त्याचे काम सुधारते. आज बहुतांश वापरले जाणारे मेथिलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे लिआंद्रो पानित्सोन यांनी तयार केले. ते बाजारात आले १९५० च्या दशकात.

या प्रसंगात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मुलांमधील बदल प्रथम दिसला तो वर्गात, शिक्षकांना. हातात वही घेऊन मूल रोज पाहणारा माणूस शिक्षकच असतो. त्याने निदान करायचे नसते, तो डॉक्टरचा अधिकार आहे. पण त्याची नोंद निदानाइतकीच मोलाची असते.

चुळबुळीकडून अवधानाकडे

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९६८ च्या नियमपुस्तिकेत या विकाराचे नाव 'बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया' असे होते, आणि तो किशोरवयात ओसरतो असे त्यात म्हटले होते. क्राइटनचे १७९८ मधील वाक्य १७० वर्षांनीही जिवंत होते!

१९७२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्हर्जिनिया डग्लस यांनी वेगळा मुद्दा मांडला. चुळबुळ हे वरवर दिसणारे लक्षण आहे. खरी अडचण अवधान टिकवण्याची आणि पहिली उर्मी रोखण्याची आहे. हे मत रुजले आणि १९८० मध्ये विकाराचे नावच 'अवधान-न्यूनता' असे झाले. चुळबुळ नसतानाही हा विकार असू शकतो, हे प्रथमच मान्य झाले. वर्गात कोपऱ्यात शांत बसणाऱ्या, खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलांकडे, आणि विशेषतः मुलींकडे, यामुळे लक्ष गेले. १९८७ मध्ये आजचे जोडनाव आले.

माँट्रियलमध्येच गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी अतिचंचल मुलांचा ती मोठी होईपर्यंत मागोवा घेतला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८६ मध्ये आले. अनेकांची धावपळ वयाबरोबर थांबली होती, पण विस्कळीतपणा, विसराळूपणा आणि कामे अर्धवट सुटणे चालूच होते. २०१३ च्या नियमपुस्तिकेने प्रौढांसाठी निकष सैल केले. लक्षणे सातव्या वर्षाआधी दिसली पाहिजेत ही अट बाराव्या वर्षापर्यंत वाढवली, आणि सतरा वर्षांपुढील व्यक्तींमध्ये सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली. जगभरातील अभ्यासांचा गोषवारा काढला तर मुलांमध्ये हे प्रमाण साधारण ५ टक्के आणि प्रौढांमध्ये अडीच टक्के येते. म्हणजे साठ विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन वर्गात असा एखाद-दुसरा विद्यार्थी असणार, असे धरून चालावे.

कारणांबद्दलही आता बरेच कळले आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे दिसते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचे बाह्यक जाड होत जाऊन कमाल मर्यादेला पोचते, ते या मुलांमध्ये सरासरी सुमारे तीन वर्षे उशिरा, असे त्यात आढळले. क्रम तोच होता, गती मंद होती. तेव्हा लाडाने बिघडला किंवा मोबाइलने बिघडला, ही स्पष्टीकरणे येथे पुरी पडत नाहीत.

लिहिताना मेंदू काय काय करतो?

आता आजऱ्याच्या मुलाच्या वहीकडे परत येऊ. बोलताना अडत नाही तो लिहिताना का अडतो?

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन हेज आणि लिंडा फ्लॉवर यांनी १९८० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. लोकांना लिहिता लिहिता मनातले मोठ्याने बोलायला सांगितले. त्यातून दिसले की, आधी आराखडा, मग लेखन, मग तपासणी अशा सरळ पायऱ्या कोणीच चढत नाही. योजना करणे, विचाराला वाक्याचे रूप देणे आणि लिहिलेले तपासणे ही तिन्ही कामे सतत एकमेकांत घुसतात. शिवाय हाताने अक्षर काढायचे, शुद्धलेखन सांभाळायचे आणि घड्याळाकडेही पाहायचे.

हे सगळे काही क्षण धरून ठेवण्याची जागा म्हणजे कार्यस्मृती. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिचे प्रारूप मांडले. ती सर्वांचीच मर्यादित असते, आणि एडीएचडी असलेल्या अनेकांची तुलनेने लवकर भरते. बोलताना समोरच्याचा चेहरा आणि त्याचे प्रश्न आपल्याला रुळावर ठेवतात. कोऱ्या कागदासमोर ही मदत नसते. 'पुढचं पळून जातंय' हे त्या मुलाचे वाक्य म्हणजे भरलेल्या कार्यस्मृतीचे नेमके वर्णन होते.

शाळेत ही अडचण झाकली जाते. तेथे प्रश्न छोटे असतात, गृहपाठ रोजचा असतो, आई पाठीशी बसते. महाविद्यालयात गेल्यावर दोन महिन्यांच्या मुदतीचा वीस पानी अहवाल एकट्याने लिहायचा असतो. बाहेरचे सगळे टेकू एकदम निघतात. म्हणून बारावीपर्यंत बरा असलेला विद्यार्थी पदवीला अचानक कोसळतो आणि आपण म्हणतो, कॉलेजची हवा लागली.

सवलत की न्याय?

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. देशातील हे आरंभीचे पाऊल होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. मात्र अनेक विद्यार्थ्यांत हे दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे दोन्हींची तपासणी करून घेणे हिताचे ठरते. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल, जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख आहे.

११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या खटल्यात निकाल दिला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या एका उमेदवाराच्या हाताला लिहिताना आकडी येत असे. त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नसल्याने त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितले की, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांच्या अटीवर अडवता येणार नाही. त्याला अनुसरून केंद्र शासनाने १० ऑगस्ट २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. उमेदवाराचे ज्ञान आणि त्याची लिहिण्याची अडचण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याने मान्य केले.

आम्ही काय केले?

आजऱ्याहून जिल्ह्याचे ठिकाण ८० किलोमीटरहून दूर आहे आणि तज्ज्ञाकडे प्रत्येक खेप म्हणजे घरच्यांचा एक दिवस मोडतो. तेव्हा रोजची मदत जवळच्यांनीच करायची होती. औषध तज्ज्ञांनी ठरवले. त्याने बसणे जमू लागले, पण औषध कोणाला निबंध लिहायला शिकवत नाही.

आम्ही त्याला प्रथम लिहू दिलेच नाही. "तू मला सांग, मी ऐकतो," असे म्हणून त्याचे बोलणे त्याच्याच फोनवर नोंदवले. ते ऐकत त्याने एका चिठ्ठीवर एकच मुद्दा असे लिहिले. एकूण एकेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. त्या जमिनीवर पसरून त्याने क्रम लावला. आराखडा डोक्यात धरण्याऐवजी तो डोळ्यांपुढे आला, म्हणजे कार्यस्मृतीवरचे एक ओझे उतरले. मग दर दोन दिवसांनी एक छोटी मुदत दिली. वीस मिनिटे लिहायचे, पाच मिनिटे उठायचे. एकट्याने बसला की काम सुटे, म्हणून तो श्रीमंत गंगामाई वाचन मंदिरात मित्राबरोबर बसू लागला. मित्र आपला अभ्यास करी, हा आपला. पहिल्या मसुद्यात शुद्धलेखन तपासायचे नाही असे ठरले होते. ते काम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले.

माशांच्या नोंदी, तक्ते, अनुमान यांच्या दर्जात मात्र आम्ही तसूभर सूट दिली नाही. एक तक्ता तर तीनदा परत केला. तिसऱ्यांदा तो वैतागला, पण त्याने तो बरोबर करून आणला.

अहवाल तेवीस पानांचा झाला. तो नव्या मुदतीनंतरही अकरा दिवस उशिरा आला. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. त्या वर्षीच्या लेखी परीक्षेत त्याचे दोन पेपर अपुरे राहिले, आणि जादा वेळेसाठी लागणारे प्रमाणपत्र तोवर हातात आले नव्हते. पुढच्या परीक्षेआधी ते मिळाले.

'नैतिक दोष', 'किंचित इजा', 'अतिचंचल प्रतिक्रिया', 'अवधान-न्यूनता' : प्रत्येक नावाबरोबर दोष मुलाच्या चारित्र्यापासून थोडा दूर सरकला आणि मदतीची शक्यता थोडी जवळ आली. हे सगळे कळायला वैद्यकाला दोन शतके लागली. आपल्याला तेवढा वेळ लागायचे कारण नाही. येत्या सत्रात एखादी रिकामी वही समोर आली तर शेरा लिहिण्याआधी त्या विद्यार्थ्याला समोर बसवून विचारावे, "यातले तुला काय काय माहीत आहे, ते मला सांग."

त्या मुलाची जुनी वही आम्ही मागून घेतली. 'कष्ट घेतलेले दिसत नाहीत' या शेऱ्यावर आमच्याच हाताने रेघ मारून ती त्याला परत दिली.